बोस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये जेवायचं तर एकाच टेबलावर पोट भरू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टमध्ये आई-बाबा पुण्याहून बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅमला लेकीकडे येत आहेत. एक दिवस त्यांना बोस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये, तिथल्या जुन्या इटालियन वस्तीत, जेवायला न्यायचं आहे. आई रत्नागिरीकडच्या, मासे आवडीने खातात. बाबा शाकाहारी, अंडं चालतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात. हॅनोव्हर स्ट्रीटवर पावलापावलावर रेस्टॉरंट दिसतं, तर त्यातलं एक चांगलं सांगा.

एकच नाव सांगितलं तर तुमचा दिवस वाया जाईल, म्हणून ते सांगत नाही. बोस्टनच्या इटालियन स्वयंपाकघरांत मी बरीच वर्षं लाइनवर, म्हणजे शेगड्यांच्या रांगेपुढे, उभा राहून पास्ता केला आहे, आणि माझं ठाम मत असं की या वस्तीत एका ठिकाणी बसून सूप ते गोड असं सगळं खाणं ही सर्वांत कमी समाधान देणारी पद्धत आहे. इथलं प्रत्येक चांगलं दुकान एकच गोष्ट उत्तम करतं आणि त्या गोष्टीची एक वेळ असते. ती वेळ साधली की साध्या पैशांत फार सुंदर खायला मिळतं. शनिवारी संध्याकाळी साडेसातला गेलात तर त्याच रस्त्यावर तासभर ताटकळून बेताचं जेवण मिळतं.

याचं मूळ इमारतींत आहे. नॉर्थ एंड हा बोस्टनचा सर्वांत जुना रहिवासी भाग. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरचं लाकडी घर साधारण १६८० सालचं, ओल्ड नॉर्थ चर्च १७२३ चं. एकोणिसाव्या शतकात इथे आधी आयरिश आले, मग पूर्व युरोपातले ज्यू, आणि त्यांच्या पाठोपाठ इटालियन. सुरुवातीला जिनोव्हाकडचे, नंतर नेपल्सच्या आसपासच्या डोंगराळ आव्हेलिनो भागातले आणि सिसिलीचे. भाडेकरूंसाठी बांधलेल्या चार-पाच मजली विटांच्या चाळी, खाली अरुंद दुकानं. आजची रेस्टॉरंटं त्याच गाळ्यांत आहेत. मागे सहा बर्नर, एक ओव्हन आणि दोन माणसं जेमतेम वळू शकतील एवढी जागा. अशा स्वयंपाकघरातून आठ-दहा पदार्थ नीट निघतात. गिरगावातल्या जुन्या खानावळीत फळ्यावर लिहिलेले चारच पदार्थ जसे विश्वासाचे, तसंच इथेही. दारात मेनूकार्ड लावलेलं असतंच. त्यावर साठ-सत्तर पदार्थ दिसले तर समजा की पास्ता आधीच अर्धा उकडून ठेवला आहे आणि तीन सॉसच्या बळावर सगळी यादी चालली आहे. दाराशी उभं राहून आत बोलावणारा माणूस असेल तर पुढे चला.

दुसरी खूण ताट समोर आल्यावर कळते. पास्ता शेवटचं मिनिट-दीड मिनिट सॉसच्या तव्यातच, तो ज्यात उकडला त्या पाण्याचा एक डाव घालून परतायचा असतो. त्या पाण्यातल्या पिठाळपणामुळे सॉस पास्त्याला धरून बसतो. ताटात पास्ता एकीकडे, वर लाल सॉसचा गोळा आणि खाली पाणी सुटलेलं असेल तर ते स्वयंपाकघर घाईत आहे. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी चांगल्या ठिकाणीसुद्धा हे घडतं, कारण तव्यांची संख्या तेवढीच आणि ऑर्डरी तिप्पट. म्हणून मंगळवार किंवा बुधवार निवडा, आणि बसून जेवायचं ते संध्याकाळी पाचला, दार उघडतानाच.

आता दिवस कसा आखायचा ते सांगतो.

गाडी नॉर्थ एंडमध्ये आणूच नका. रस्त्यावरच्या बहुतेक जागा रहिवाशांच्या परवान्याच्या आहेत. फ्रॅमिंगहॅमहून येताना रिव्हरसाइड स्टेशनला गाडी लावा आणि मेट्रोच्या ग्रीन लाइनवरच्या डी गाडीने थेट हेमार्केटला उतरा. स्टेशनातून बाहेर आल्यावर समोर जी हिरवळ लागते तो रोझ केनेडी ग्रीनवे. हे नाव राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या आईचं, त्यांचा जन्म १८९० मध्ये याच वस्तीतला. त्या जागी १९५० च्या दशकापासून उंच लोखंडी महामार्ग होता आणि त्याने नॉर्थ एंडला शहरापासून तोडलं होतं. पुढे तो रस्ता जमिनीखाली नेला आणि २००८ मध्ये वर ही बाग खुली झाली. माझ्या मते इथलं खाणं समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे. महामार्गाच्या पलीकडे दडलेली असताना ही वस्ती स्वस्त राहिली, खाटीक, किराणावाले, बेकऱ्या टिकल्या. भिंत गेली, भाडी चढली, आणि एकेका किराणा दुकानाच्या जागी पांढरे टेबलक्लॉथ आले. जी जुनी दुकानं उरली आहेत त्यांच्याकडे आधी जा, असं मी आग्रहाने सांगतो त्याचं कारण हेच.

पहिला मुक्काम, सकाळी अकरा-सव्वाअकराला: हॅनोव्हर स्ट्रीटवरचं गॅलेरिया उंबेर्तो. फक्त दुपारचं दुकान, माल संपला की बंद, रविवारी बंद, रोख पैसेच चालतात. उन्हाळ्यात ते मोठी सुट्टी घेतात, तेव्हा निघण्याआधी खात्री करून घ्या. मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये भाजलेला जाड सिसिलियन पिझ्झा, वर टोमॅटो आणि चीज, बस. तळ कुरकुरीत, आत मऊ. २०१८ मध्ये या दुकानाला अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या नामांकित जेम्स बियर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला, तरी कागदी ताटली आणि किमती तशाच साध्या राहिल्या. बाबांसाठी इथे खरी चैन आहे: पिझ्झ्याचा तुकडा, शिवाय पान्झारोत्ती, म्हणजे आत मोझरेला भरलेलं बटाट्याचं लांबट क्रोकेट. पालक-चीजचा कालझोने, म्हणजे दुमडून बंद केलेला पिझ्झाही असतो, पण त्याचाच सॉसेजवाला भाऊ शेजारी ठेवलेला असतो, तेव्हा नीट विचारून घ्या. आरान्चिनी हा तळलेला भाताचा गोळा बाबांना देऊ नका, त्यात मटाराबरोबर बीफचा खिमा असतो. तुम्ही स्वतः बीफ खात असाल तर मात्र तो अवश्य खा, शहरात याहून चांगला मला मिळालेला नाही.

रविवारीच यायचं असेल तर थॅचर स्ट्रीटवरचं रेजिना. १९२६ पासूनचं, आरक्षण नाही, आणि मूळ दुकानात पिझ्झ्याशिवाय काहीही नाही. जुन्या विटांच्या भट्टीमुळे कडा फुगते आणि ठिकठिकाणी करपते, तेच हवं असतं. याच नावाच्या शाखा आसपास मॉलमध्येही दिसतील, पण ती भट्टी तिथे नाही. पहिल्या वेळी साधा चीज पिझ्झा घ्या. वर दहा गोष्टी रचल्या की पाणी सुटून मधला भाग ओला होतो, भट्टी कितीही चांगली असली तरी. रेजिनातही दार उघडतानाच पोहोचा.

खाऊन झाल्यावर पॉल रिव्हिअर मॉलवर बसा. नावात मॉल असलं तरी तो झाडांखालचा विटांचा चौक आहे, बाकं भरपूर, म्हातारी इटालियन मंडळी गप्पा मारत असतात. बाबांचे गुडघे ठीक असतील तर खाली बंदराच्या काठाने कमर्शियल स्ट्रीटपर्यंत जाता येईल. तिथे १५ जानेवारी १९१९ ला उसाच्या मळीची प्रचंड टाकी फुटली, तेवीस लाख गॅलन मळी रस्त्यावरून धावली आणि २१ माणसं गेली. ती मळी अल्कोहोल काढण्यासाठी साठवलेली होती. आज तिथे एक लहानशी पाटी आहे, मी पाहुण्यांना ती दाखवल्याशिवाय राहत नाही. नॉर्थ स्क्वेअरचा दगडी रस्ता मात्र गुडघ्यांना त्रासाचा, तिथे पदपथावरूनच चाला.

आता बाबांच्या शाकाहाराबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे आपले लोक सर्वांत जास्त फसतात, आणि ताट वाढणारा वेटर खोटं बोलतो म्हणून नव्हे. त्याच्या मते मांसाचा तुकडा दिसला नाही की पदार्थ शाकाहारी.

पहिली गोष्ट लाल सॉस. मरिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, तुळशीच्या कुळातली बेसिलची पानं. त्यात मांस नसतं. पण जुन्या घरगुती पद्धतीच्या जागी ‘ग्रेव्ही’ नावाचा सॉस असतो. त्याच पातेल्यात मीटबॉल, सॉसेज, डुकराच्या बरगड्या तासन्‌तास शिजतात, नंतर मांस बाहेर काढून सॉस वेगळा वाढतात. ताटात टोमॅटोच दिसतो. म्हणून ‘सॉसमध्ये मांस आहे का’ असं न विचारता ‘हा सॉस मांसाबरोबर शिजवलाय का’ असं विचारा. मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी चिकनच्या पाण्यात, रिसोत्तो हा मऊ भातही तसाच. पास्ता आणि पांढऱ्या घेवड्याच्या सुपात पान्चेत्ता म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस असायची शक्यता मोठी. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे. लसणात परतलेल्या कडू ब्रोकोली राबमध्येही कधीकधी तेच विरघळवलेले असतात.

चीजचं काय, हे बाबांनीच ठरवायचं. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, विरजतात, तसा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. अमेरिकेत बनणारं मोझरेला बरंचसं सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं असतं. हे चालत नसेल तर वाढणाऱ्याला आधीच ‘पार्मिजान नको’ असं सांगा, कारण ते वरून किसून घालण्याची सवय हाताला असते. सुका पास्ता रव्याचा आणि पाण्याचा, त्यात अंडं नसतं. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा. बाबांना अंडं चालतं म्हणून तुमचा प्रश्न नाही, पण दुसऱ्या कुणाला नेताना लक्षात ठेवा.

मग बाबांनी मागवायचं काय? आल्यो ए ओल्यो: लसूण, तेल, सुकी मिरची, स्पगेटी. स्वयंपाक्याची परीक्षा घ्यायला याहून चांगला पदार्थ नाही, लसूण तपकिरी झाला की सगळं संपलं. किंवा पोमोदोरो, म्हणजे साधा टोमॅटोचा. किंवा वांग्याचं पार्मिजाना, पण त्यात चीज भरपूर असतं. या साध्या पदार्थांनी कुणाची पंचाईत होत नाही, उलट आतली मंडळी खूश होतात. मी लाइनवर असताना कुणी मनापासून आल्यो ए ओल्यो मागितला की तो तवा मी दुसऱ्याकडे देत नसे.

आता आईंची बाजू, आणि इथे नॉर्थ एंड खरोखर श्रीमंत आहे. इथल्या सिसिलियन कोळ्यांची मुळं शाक्का नावाच्या बंदराशी आहेत. त्यांनी १९१० पासून चालवलेला फिशरमन्स फीस्ट हा कोळ्यांचा उत्सव अजून दर ऑगस्टला होतो. त्या वारशाचं सर्वांत चोख दर्शन हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या ‘डेली कॅच’मध्ये होतं. १९७३ पासूनचं, वीसेक खुर्च्यांचं, स्वयंपाकघर ग्राहकांच्या डोळ्यांसमोर. माकुलाच्या शाईत मळलेला काळा पास्ता, त्यात लसूण-तेल आणि बारीक केलेलं माकुल, आणि तो ताटात न काढता तव्यातच समोर ठेवतात. माकुल, तिसऱ्या, शिंपले खात वाढलेल्या बाईला ही चव परकी वाटणार नाही. मसाला मात्र शोधू नका. इथला सगळा खेळ लसूण, पांढरी वाइन आणि माशाच्या स्वतःच्या पाण्यावर चालतो. तिसऱ्यांची लिंग्विनी (चपट्या शेवयांसारखा पास्ता) दिसली तर तीही घ्या, टोमॅटोशिवायची पांढरी. बाबांसाठी मात्र इथे जवळपास काही नाही आणि वासही सोसणार नाही. रोख पैसे जवळ ठेवा.

दुसरा पर्याय सेलम स्ट्रीटवरचं नेपच्यून ऑयस्टर. हे इटालियन नव्हे, पण वस्तीतलं सर्वांत नावाजलेलं मासळीचं ठिकाण आहे. २००४ पासूनचं, आरक्षण घेत नाहीत, रांग प्रसिद्ध आहे. गरम लोण्यातला लॉबस्टर रोल आणि बर्फावर मांडलेली कच्ची कालवं. खिशाला चटका बसतो, पण लॉबस्टर भरपूर आणि नेमका शिजलेला. दुपारी तीनच्या सुमाराला रांग त्यातल्या त्यात कमी असते. तेव्हा तुम्ही दोघी मायलेकी तिथे जा आणि बाबांना कॅफेत बसवा.

कॅफे म्हणजे हॅनोव्हर स्ट्रीटवरचं व्हित्तोरिया, १९२९ पासूनचं. आत पितळी, गरुड बसवलेली जुनी कॉफीयंत्रं मांडून ठेवली आहेत. बाबा एक कॅपुचिनो घेऊन तासभर बसले तरी कुणी उठवणार नाही. गोडही तिथेच खायला हरकत नाही. पण कनोलीसाठी, म्हणजे गोड रिकोटा चीज भरलेल्या तळलेल्या नळीसाठी, रस्त्यावरच्या दोन नावांमध्ये भांडण आहेच: माइक्स आणि मॉडर्न. माइक्स १९४६ चं, मोठ्या कनोल्या, चवींची लांबलचक यादी, दोरीने बांधलेला पांढरा खोका घेऊन हिंडणारे पर्यटक. मॉडर्न १९३० चं, कनोली लहान, आणि समोर भरून देतात. माझा कौल नि:संशय मॉडर्नला. कनोलीचं कवच एकदा रिकोटाने भरलं की घटका-दोन घटकांत ओलावा धरून मऊ पडतं, आणि मग उरतो तो नुसता गोडवा. कुठेही घ्या, काउंटरवर भरायला सांगा आणि दारातून बाहेर पडल्यावर लगेच खा, घरी नेऊ नका. पारंपरिक कवचाच्या पिठात डुकराची चरबी आणि वाइन असते. कोणती चरबी वापरतात हे बाबांसाठी विचारा, आणि पापुद्र्यांच्या स्फोलियातेल्लेबद्दलही तेच विचारा. उन्हाळा आहे, तेव्हा सेलम आणि पार्मेंटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोल्कारीज कॉफीत लिंबाचा बर्फगोळा मिळेल. निर्धास्त, स्वस्त आणि थंडगार. १९३२ चं हे दुकान कॉफी, मसाले, डाळी-कडधान्यं पोत्या-डब्यांतून वजनावर विकतं. आईंना तिथून हलवणं कठीण जाईल.

संध्याकाळचं बसून जेवण करायचंच असेल तर एक ठिकाण सांगतो: नॉर्थ स्क्वेअरमधलं मम्मा मारिया. पॉल रिव्हिअरच्या घरासमोरचं विटांचं जुनं घर, शांत खोल्या, मोसमाप्रमाणे बदलणारा छोटा मेनू. महाग आहे, पण आई-बाबांचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर पैसे वसूल होतात. मेनू मांसाकडे झुकलेला असल्याने आरक्षण करतानाच फोनवर ‘एकजण शाकाहारी, मांसाचा रस्साही नको’ असं सांगा. अशा स्वयंपाकघराला दिवसभराची पूर्वसूचना मिळाली की बाबांसाठी काहीतरी मनापासून केलं जातं. ऐन वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात. आरक्षणाच्या वेळीच जिने आणि शौचालयाचंही विचारा. या वस्तीत कित्येक ठिकाणी शौचालय तळघरात आणि जिना उभा असतो. रोजचं, भरपेट, लाल सॉसचं जेवण हवं असेल तर हॅनोव्हर स्ट्रीटवरचं जाकोमोज आहे, रोख पैसे आणि आरक्षण नाही. तिथली रांग फुटपाथवर दूरवर जाते. तरुणांसोबत मी आनंदाने उभा राहीन, तुमच्या बाबांना उभं करणार नाही.

बऱ्याच लहान ठिकाणी गोड आणि कॉफी मिळतच नाही. टेबल रिकामं व्हावं हा हेतू असतो, त्याचा राग मानू नका, उठून कॅफेत जा. दोघांत एक मुख्य पदार्थ पुरतो. कर ७ टक्के, टिप १८ ते २० टक्के धरून चला.

आणि एक विनंती. चिकन पार्मिजाना, मीटबॉलची स्पगेटी पाहून ‘हे खऱ्या इटलीत नसतं’ असं कुणी म्हणालं तर तिकडे लक्ष देऊ नका. गावी सणासुदीलाच मांस बघणाऱ्या माणसांना इथे ते रोज परवडू लागलं, डब्यातला टोमॅटो मिळाला, चीज स्वस्त झालं, त्यातून हे जेवण घडलं. सुका पास्तासुद्धा इथेच बनू लागला: प्रिन्स कंपनी १९१२ मध्ये याच वस्तीतल्या प्रिन्स स्ट्रीटवर सिसिलियन स्थलांतरितांनी सुरू केली, नाव रस्त्याचंच. हे जेवण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्याला स्वतःचे नियम आहेत. ते नियम पाळणारा स्वयंपाकी तितकाच कसबी असतो.

ऑगस्टची तारीख ठरवताना शेवटचा शनिवार-रविवार बघून घ्या. सेंट अँथनीचा उत्सव तेव्हा असतो, १९१९ पासूनचा. मिरवणूक, बँड, मूर्तीला नोटा बांधणं, रस्त्यावर सॉसेज आणि तळलेल्या माकुलाच्या गाड्या. बघायला जरूर या, आपल्याकडच्या जत्रेची आठवण होईल, पण त्या दिवशी बसून जेवायचा बेत ठेवू नका आणि बाबांसाठी डबा आणा. साध्या शुक्रवारी किंवा शनिवारी आलात तर परतताना हेमार्केटचा भाजीबाजार लागेल. दुपारनंतर भाव पडतात, आणि सोबत पिशवी असेल तर आठवड्याचे टोमॅटो, लिंबं, आंबे तिथेच घेऊन गाडीत बसा.